प्रतिजैविकांचा राखणदार

१८९२ साली बंगाल प्रांतातील टपालकचेऱ्यांत तिकिटे आणि पोस्टकार्डे यांच्या जोडीला आणखी एक वस्तू विकावयास आली. ती म्हणजे क्विनाइनची पुडी. किंमत एक पैसा. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांची ही योजना. दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड झालेली होती, तिच्या सालीपासून क्विनाइन तयार होत होते आणि खाली सपाटीवर हिवतापाने माणसे मरत होती. औषध आणि रोगी यांच्यात अंतर होते ते वाटेचे. ती वाट टपालखात्याने जोडून दिली. सरकारी यंत्रणेला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

परंतु या योजनेत एक प्रश्न अनुत्तरित राहिला होता. खिडकीमागचा कारकून पत्राचे वजन अचूक सांगू शकत होता; पुडीतल्या औषधाविषयी मात्र त्याला काहीच सांगता येत नव्हते. ताप हिवतापाचाच आहे किंवा नाही, किती दिवस औषध घ्यावयाचे, लहान मुलाला किती द्यावयाचे, हे सांगणारा कोणी तेथे नव्हता. जंतुजन्य रोगांवरील औषधांचा आपल्या देशातील इतिहास पाहू लागले की हे दोन प्रश्न सतत एकमेकांशेजारी उभे असलेले दिसतात. औषध लोकांपर्यंत कसे पोहोचवावयाचे हा पहिला. आणि ते जाणत्या हातातून कसे पोहोचवावयाचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपण पुष्कळदा लवकर शोधले. दुसऱ्याचे उत्तर नेहमी मागाहून आले.

वैद्याने नाडी पाहावी आणि औषधही त्यानेच द्यावे, ही आपल्याकडील जुनी रीत. युरोपात तेराव्या शतकात सिसिलीच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने वैद्य आणि औषध तयार करणारा यांचे धंदे कायद्याने वेगळे केले. जो औषध सुचवितो त्याला विक्रीचा लोभ नसावा, आणि जो विकतो त्याने सुचवू नये, असा त्यामागील विचार. आपल्याकडे पाश्चात्त्य वैद्यक आले तरी ही फारकत पुरतेपणी आली नाही. डॉक्टर आत बसत आणि बाहेरच्या खोलीत कंपाउंडर खलात औषधे घोटून मिश्रणे करी. लाल किंवा गुलाबी औषधाने भरलेली बाटली आणि तिच्यावर मात्रा दाखविणारी कागदाची दातेरी पट्टी, हे चित्र आज उतारवयात असलेल्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर असेल. त्या काळातील बहुतेक औषधांनी फारसे हितही होत नसे आणि फारसे अहितही होत नसे. त्यामुळे कंपाउंडरच्या ज्ञानाची कसोटी क्वचितच लागे.

ही स्थिती बदलली ती विसाव्या शतकात. जर्मनीत पॉल एर्लिक यांनी उपदंशावर शोधून काढलेले साल्व्हरसान १९१० मध्ये वापरात आले. रोगी माणसाला न मारता त्याच्या शरीरातील जंतूला मारणारे औषध रसायनशाळेत घडविता येते, ही गोष्ट त्याने सिद्ध केली. १९३५ मध्ये गेरहार्ट डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगाच्या द्रव्याचे गुण प्रसिद्ध केले आणि त्यातून सल्फा औषधांची मालिका निघाली. त्यांपैकी एक केवळ आपल्या क्रमांकावरून, म्हणजे एम. अँड बी. ६९३ या नावाने, न्यूमोनियावरील औषध म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. मुंबईला परळ येथील हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी यांनी प्लेगवर सल्फाथायाझोलचे प्रयोग केले. १८९६ पासून ज्या रोगाने मुंबई आणि पुणे हादरवून सोडले होते, त्यावर प्रथमच काही खरा इलाज हाती आला.

औषधाला धार आली तेव्हा ते देणाऱ्याच्या अज्ञानालाही धार आली. १९३७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सल्फा औषध पातळ स्वरूपात देता यावे म्हणून ते डायएथिलीन ग्लायकोल या द्रवात विरघळविले. तो द्रव विषारी होता. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत पुष्कळ मुले होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने औषधांविषयीचा कडक कायदा केला. आपल्याकडे त्याआधीच, १९३० मध्ये, कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध-चौकशी समिती नेमली गेली होती. बाजारातील औषधांत भेसळ आहे, क्विनाइनसारखे औषधही भरवशाचे मिळत नाही, आणि औषधनिर्मितीचे शिक्षण घेतलेला स्वतंत्र व्यवसायवर्ग या देशात नाही, असे त्या समितीला आढळले. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. कायदा होण्यास १९४० साल उजाडले आणि त्याखालील नियम १९४५ मध्ये तयार झाले. मधल्या काळात, १९३२ मध्ये, महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदु विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू केले होते. म्हणजे कायद्याच्या आधी शाळा उघडली. आपल्या देशात हा क्रम विरळाच.

नियम तयार झाले त्याच वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, स्टॉकहोम येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नोबेल पारितोषिकाचे व्याख्यान झाले. पेनिसिलिनचा शोध त्यांना १९२८ मध्ये लागला होता. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ऑक्सफर्ड येथे ते वापरण्याजोगे केले. १९४१ च्या आरंभी तेथील एका पोलिस शिपायाला ते प्रथम देण्यात आले तेव्हा पेनिसिलिन इतके दुर्मिळ होते की रोग्याच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा टोचावे लागले. रोगी सुधारू लागला. पण साठा संपला आणि अखेर तो दगावला. अपुऱ्या औषधाची ही पहिली करुण कथा. चार वर्षांत चित्र पालटले आणि पेनिसिलिन मुबलक होऊ लागले. त्या मुबलकतेच्या तोंडावरच फ्लेमिंग यांनी इशारा दिला. हे औषध एक दिवस दुकानातून कोणालाही घेता येईल, मग अजाण माणूस ते कमी मात्रेत घेईल, आणि त्याच्या शरीरातील जंतू मरण्याऐवजी औषधाला न जुमानण्यास शिकतील, असा त्याचा आशय होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की धोका कोठे आहे हे सांगताना त्यांनी प्रयोगशाळेकडे किंवा रुग्णालयाकडे बोट दाखविले नाही. त्यांनी बोट दाखविले ते दुकानाकडे. ब्रिटनने १९४७ मध्ये खास कायदा करून पेनिसिलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली.

जंतू शिकतात म्हणजे काय, हे येथे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. जंतूंना बुद्धी नसते. पण कोट्यवधी जंतूंत एखादा असा निघतो की ज्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. औषध पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस पडले तर बहुतेक जंतू मरतात आणि उरल्यासुरल्यांचा समाचार शरीर स्वतः घेते. औषध अपुरे पडले तर दुबळे मरतात आणि चिवट उरतात. शेतातील सगळे गवत न काढता केवळ कोवळे तेवढे उपटावे आणि हरळी तशीच सोडावी, त्यातला हा प्रकार. शिवाय काही जंतू आपला हा गुण शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. तेव्हा एका घरातील चूक ही त्या घरापुरती राहत नाही.

क्षयरोगाने हा धडा प्रथम शिकविला. १९४३ मध्ये वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडले. ब्रिटनमध्ये त्याची पद्धतशीर परीक्षा झाली आणि १९४८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या काही महिन्यांत रोगी झपाट्याने सुधारले. परंतु त्यांपैकी अनेकांच्या थुंकीतील जंतू लवकरच औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हा एकाच वेळी दोन औषधे द्यावयाची, म्हणजे एकातून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडेल, अशी रीत पडली. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग-उपचार केंद्र स्थापन झाले. आरोग्यधामात खाटेवर पडून घेतलेले उपचार आणि गरिबाने आपल्या घरी राहून घेतलेले उपचार यांची तेथे तुलना करण्यात आली. औषध नियमाने वर्षभर घेतले तर घरचा रोगीही तितकाच बरा होतो, असे १९५९ मध्ये दिसून आले. साऱ्या जगाने मानलेला हा भारतातील प्रयोग. त्यातील एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. रोगी औषध खरोखर घेतो की नाही हे पाहण्यासाठी तेथील कार्यकर्ते अवचित घरी जाऊन गोळ्या मोजत आणि लघवी तपासत. यशाचे श्रेय गोळीइतकेच या मोजणीला होते.

स्वतंत्र भारताने औषधे आणण्यात हयगय केली नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेथील संशोधकांनी बुरशीजन्य रोगांवर शोधून काढलेल्या एका औषधाला कारखान्याच्याच नावावरून हॅमायसिन असे नाव दिले. पुढे सोव्हिएत मदतीने हृषीकेश येथेही प्रतिजैविकांचा मोठा कारखाना उभा राहिला. परक्या देशांतून औषध येईल तेव्हा येईल, ही लाचारी संपली. लाखो मुले आणि बाळंतिणी यांमुळे वाचल्या, हे विसरून चालणार नाही.

पण राखणदाराचे काय झाले? १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. औषध देण्याचे काम केवळ नोंदणीकृत औषधनिर्मात्याने करावे, असे त्याच्या बेचाळिसाव्या कलमात लिहिले. पण देशात तितके शिकलेले लोक नव्हते. म्हणून ते कलम लांबणीवर पडत गेले आणि ते अमलात आले १९८४ च्या सप्टेंबरात. कायदा आणि त्याचा अंमल यांत छत्तीस वर्षे गेली. एवढ्या अवधीत पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लीन, ॲम्पिसिलिन ही सारी खेड्यांच्या बाजारापर्यंत जाऊन पोहोचली होती.

या काळाचा जमाखर्च पाहावयाचा तर तो विषमज्वराच्या, म्हणजे आपल्या मुदतीच्या तापाच्या, इतिहासात पाहावा. एकवीस दिवसांची ती मुदत आणि उशाशी बसलेली आई, हे आपल्या घराघरांतले जुने दुःख. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या तापावर चालते असे आढळले आणि काही दिवसांतच ताप उतरू लागला. हे औषध क्वचित अस्थिमज्जेला घातक ठरते, हे लवकरच कळले होते. तरीही साध्या तापाला आणि हगवणीला ते सर्रास विकले गेले. १९७२ मध्ये केरळातील कालिकत येथे क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. १९९० च्या सुमारास तीन तीन जुन्या औषधांना न जुमानणारे जंतू देशात ठिकठिकाणी आढळू लागले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. दहा वर्षांच्या आत त्याचीही धार बोथट झाली. आता सेफ्ट्रायाक्झोन आणि ॲझिथ्रोमायसिन यांवर भिस्त आहे. आणि २०१६ मध्ये सिंध प्रांतात सेफ्ट्रायाक्झोनलाही न मानणारा विषमज्वर उद्भवला. आजोबांच्या पिढीला मिळालेली ठेव नातवंडांनी खर्चून टाकली, असा हा हिशेब आहे.

अशा वेळी औषधांच्या दुकानातील जाणता माणूस नेमके काय करू शकतो? पुष्कळ करू शकतो. पेनिसिलिन देण्यापूर्वी तो विचारतो की पूर्वी कधी अंगावर पुरळ किंवा धाप आली होती काय. मुलाच्या औषधाची कोरडी भुकटी उकळून गार केलेल्या पाण्यात, बाटलीवरील खुणेपर्यंत कशी मिसळावयाची, प्रत्येक वेळी ती का हालवावयाची आणि किती दिवसांनी टाकून द्यावयाची, हे तो सांगतो; कारण पाणी अधिक पडले की मात्रा उणी पडते. टेट्रासायक्लीनची गोळी दुधाबरोबर घेतली तर ती पोटात बांधली जाते, हे त्याला ठाऊक असते. मुदत उलटलेल्या टेट्रासायक्लीनने मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे १९६३ मध्ये नोंदविली गेली होती. तेव्हा फळीवरच्या तारखा पाहणे ही केवळ हिशेबाची बाब नव्हे, हे तो जाणतो. पट्टीतून दोन गोळ्या कापून दिल्या तर औषधाचे नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्यावर जाते, हेही तो जाणतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, सर्दी आणि पडसे यांचा ताप विषाणूंचा असतो, त्यावर प्रतिजैविक चालत नाही, हे सांगून तो गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवू शकतो. दुकानदाराच्या दृष्टीने याहून अवघड काम दुसरे नाही.

कायद्याने त्याच्या हाती साधने दिली आहेत. अनुसूची एच मधील औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. २०१३ मध्ये अनुसूची एच-१ जाहीर झाली आणि १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. तीत ४६ औषधे होती. क्षयरोगावरील औषधे आणि अनेक प्रभावी प्रतिजैविके तीत आहेत. ती विकताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करावयाची आणि ती वही तीन वर्षे जपावयाची. २०१६ मध्ये औषधाच्या पट्टीवरील लाल रेघ पाहूनच सावध व्हा, अशी मोहीम सरकारने काढली. केरळ राज्याने २०१८ मध्ये स्वतःचा कृती-आराखडा आखला आणि पुढे विनाचिठ्ठी विकणाऱ्या दुकानांवर धाडीही घातल्या. २०२४ च्या जानेवारीत केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना, प्रतिजैविक का दिले ते चिठ्ठीवर लिहा, आणि औषधविक्रेत्यांना, चिठ्ठीवाचून ते देऊ नका, असे बजावले.

इतके असूनही व्यवहार वेगळा चालतो, हे कोणीही जवळच्या बाजारात जाऊन पाहावे. प्रशासनात काम करणाऱ्या माणसाने येथे केवळ दुकानदाराला दोष देऊन मोकळे होणे बरोबर नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला डॉक्टरची फी आणि बुडालेली मजुरी असा दुहेरी भुर्दंड पडतो. दोन गोळ्यांनी ताप दबला तर त्याला तेवढेच हवे असते. नाही म्हणणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. कित्येक ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर असते, पण ज्याचे ते प्रमाणपत्र तो माणूस जागेवर नसतो. जो असतो त्याला सल्ल्याबद्दल काही मिळत नाही. त्याची मिळकत विकलेल्या मालावरच अवलंबून असते. ज्याने विक्री थांबवावी अशी आपली अपेक्षा, त्याचेच पोट आपण विक्रीवर ठेवले आहे. फ्रेडरिक राजाने जो लोभ वैद्यापासून दूर केला तो आपण औषधविक्रेत्याच्या पदरात टाकला.

दुसरी बाजूही आहे. आपल्या देशात औषध फार घेतल्याने जशी माणसे मरतात, तशीच ती वेळेवर न मिळाल्यानेही मरतात. ज्या गावी दहा कोसांवर डॉक्टर नाही, तेथे दुकानाचे दार घट्ट लावून घेतले तर न्यूमोनियाने तळमळणाऱ्या मुलाला कोणी वाचवावयाचे? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत वाटणी केली: सहज मिळावीत अशी, जपून वापरावीत अशी, आणि केवळ अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवावीत अशी. विवेक तो हाच. सरसकट बंदी घालणारा पहारेकरी आपल्याला नको. कोणासाठी दार उघडावयाचे आणि कोणासाठी नाही हे जाणणारा राखणदार हवा. तो घडवावयाचा तर त्याला शिक्षण हवे, जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरशी त्याचा संबंध हवा आणि त्याच्या सल्ल्याला मोल हवे. हे काम एकट्या निरीक्षकाच्या धाडीने होणारे नाही.

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा मोठा आहे, आणि मोठे आकडे ऐकून माणूस हताश होतो. तसे होण्याचे कारण नाही. या इतिहासात राज्यकर्त्यांनी केले ते एक; नागरिकाने करावयाचे ते दुसरे, आणि ते अगदी सोपे आहे. औषध घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्या: हे प्रतिजैविक आहे काय, ते कसे घ्यावयाचे, आणि किती दिवस घ्यावयाचे. त्याने चिठ्ठी मागितली तर रागावू नये. त्याने नाही म्हटले तर शेजारच्या दुकानाची पायरी चढू नये. विचारणारे गिऱ्हाईक भेटले की सांगणारा दुकानदार तयार होतो.